काजं होती, बटणं नव्हती

नागपुरात पोलीस ठाण्याच्या बाकावर कधी रात्र काढली का रे, पोरांनो? नाही ना? नका काढू. नईम टेलरनं काढली. वडशाला त्याचं दुकान माझ्या घराला लागूनच होतं, म्हणून ही गोष्ट मी त्याच्याच तोंडून ऐकली. एकदाच. पुन्हा त्यानं ती सांगितली नाही.

नईम नाटकांची ड्रेपरी शिवायचा. राजाचे अंगरखे, नटीचे घागरे, इन्स्पेक्टरची वर्दी, सगळी सोंगं त्याच्या मशीनखालून जायची. नाटकाच्या कपड्याला तो खिसे ठेवत नसे. वरून नुसती पट्टी शिवायची. कापड वाचतं, आणि मंडपात बसलेल्याला काय कळतं? त्या हंगामात एका मंडळीसाठी हवालदाराची वर्दी तयार झाली, पण पितळी बटणं वडशात मिळेनात. धाकटा भाऊ बिलाल म्हणाला, नागपूरहून मी आणतो. नमुन्याला वर्दीच पिशवीत घालून तो गेला. अठ्ठ्याण्णव साल, तीन डिसेंबर, गुरुवार.

रात्रीच्या गाडीनं परतणारा बिलाल सोमवार उलटला तरी आला नाही. अम्मीनं जेवण सोडलं. बुधवारी, नऊ तारखेला, नईम भावाचा फोटो घेऊन निघाला.

पहिल्या ठाण्यात म्हणाले, ही आमची हद्द नाही. दुसऱ्यात म्हणाले, त्या पहिल्यांचीच हद्द आहे, त्यांना आळस आलाय. तिसऱ्या ठाण्यात पोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. त्या ठाण्याचं नाव मी सांगणार नाही. तिथं एक ढेरपोट्या हवालदार खर्रा चघळत बसला होता. फोटोकडं न बघताच तो म्हणाला, "नाटकवाले ना तुम्ही? मंग गेला असन कोण्या नाचणारणीच्या मागं."

नईमनं हात जोडले. भाऊ तसला नाही, म्हणाला. त्याच्या पिशवीत नाटकाची वर्दी होती, तेवढं तरी लिहून घ्या.

खर्रा चघळणं थांबलं. हवालदारानं फोटो उचलला. नीट पाहिला. टेबलावर पालथा ठेवला.

"खोटी वर्दी शिवतं काय तू? तुलेच आत टाकू? सकाळी ये."

नईम कुठं जाणार? व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिला. थंडी हाडात शिरत होती. थोड्या वेळानं आतून घोरणं ऐकू येऊ लागलं.

सव्वादोन वाजता कोपऱ्यातल्या टेबलाशी खुर्ची सरकली. दुसराच कोणी हवालदार येऊन बसला होता. टोपी डोळ्यांवर ओढलेली, दिव्याकडं पाठ. त्यानं हातानं समोरचं स्टूल दाखवलं. त्या अख्ख्या शहरात नईमला बस म्हणणारा तो पहिला माणूस. न विचारताच तो सांगत सुटला. नाव बिलाल, वय बावीस, उंची पाच फूट चार, डाव्या भुवईवर टाक्यांची खूण. हवालदार लिहीत होता. मान वर नाही. नुसता कागदावर पेनचा आवाज.

"सापडन ना साहेब? अम्मीले काय सांगू मी?"

पेन थांबलं.

हवालदारानं कागद पुढं सरकवला. पेन छातीच्या खिशात घातलं. पेन खाली पडलं. त्यानं उचललं. पुन्हा घातलं. पुन्हा पडलं.

नईमनं पाहिलं. खिशाला पट्टी होती. खिसा नव्हता.

छातीवर काजं होती. बटणं नव्हती.

आपल्या हातचा टाका शिंप्याला कळतो...

"बिलाल?"

...

"भाई... मी सांगतलं त्याईले. नाटकाची हाये मनून."

मग अगदी हळू...

"लई वेळा सांगतलं."

आतलं घोरणं एकदम थांबलं. नईमनं तिकडं पाहिलं. परत वळला तर खुर्ची रिकामी.

कागद हातात होता. सगळ्यात खाली लिहिलं होतं... सरकारी दवाखाना, शवगृह. शुक्रवारपासून.

सकाळी सातला नईमनं तो कागद ढेरपोट्यापुढं ठेवला. त्यानं वाचला. पुन्हा वाचला. मग त्याला काडी लावली आणि राख बुटानं चोळली. रात्री इथं माझ्याशिवाय कोणीच ड्युटीवर नव्हतं, म्हणाला. आणि मग अगदी मायेनं म्हणाला, "जाय बाप्पा गावाले. माय एकटीच असन ना घरी?"

नईम गावाला गेला नाही. दवाखान्यात गेला. शवगृहाच्या वहीत शुक्रवारी पहाटे पोलिसांनी आणलेला अनोळखी भिकारी, अशी नोंद होती. चादर बाजूला केली. अंगावर सुताचा धागा नव्हता. तळपाय सुजून काळेनिळे झाले होते. नईमनं भावाचा उजवा हात हातात घेतला. सहा दिवस बर्फात राहिलेला हात. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला निळी शाई होती. ती नईमच्या तळहाताला लागली. ओली होती.