गुडबायचा उत्तररंग

फोन आला तेव्हा मृणालिनीताईंच्या गळ्यात अजून हार होता.

मालाडच्या गावठाणाशेजारच्या विठ्ठलमंदिरात संध्याकाळचं कीर्तन नुकतंच संपलं होतं. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या ताईंनी आज निरूपणाला चक्क इंग्रजी शब्द घेतला होता, गुडबाय. शिऱ्याचे द्रोण सांभाळत आयाबाया पाया पडत होत्या. एक आजी म्हणाली, "गुडबाय हो ताई. देवाचं नाव आहे म्हटल्यावर आता म्हणायला हरकत नाही."

ताई हसल्या. फोन कानाला लावला आणि हसू मावळलं.

"मृणाल, रोनाल्ड घरात नाही गं." जेनेव्हिव्हचा आवाज ओळखू येत नव्हता. "दार उघडं आहे. चष्मा खाली पडलाय. पंपपण इथंच राहिलाय."

दम्याचा पंप. रोनाल्ड तो खिशात असल्याशिवाय अंगणातही येत नसे.

जेनेव्हिव्ह ही ताईंची शाळेपासूनची मैत्रीण. रविवारी चर्च आणि एरवी ताईंचं कीर्तन, दोन्हीकडे पहिल्या रांगेत. थोरला भाऊ रोनाल्ड मात्र कधी यायचा नाही. उदबत्तीचा धूर आणि बुक्क्याचा वास, दोन्हींनी त्याला धाप लागायची. आजही बहीण आरतीनंतर परतली, तो घर रिकामं.

ताई तशाच धावल्या.

गावठाणाची गल्ली सुनसान होती. अर्धी वस्ती मंदिरात, अर्धी चर्चमध्ये. अंगणातल्या विहिरीत कुणीतरी टॉर्च मारून पाहिला होता. आत नुसतं काळं पाणी. जेनेव्हिव्ह कठडा धरून उभी होती.

पोलीस उपनिरीक्षक संघमित्रा एका शिपायाला घेऊन आल्या. उंबऱ्याजवळ उलटी झालेली खुर्ची. एक चप्पल. दुसरी कुठेच नाही.

"भांडण कुणाशी?"

"कुणाशीच नाही," जेनेव्हिव्ह म्हणाली. "पण गेल्या आठवड्यात आरेच्या रस्त्यावर सुंदराबाईला गाडीनं उडवलं ना, ती भाजीवाली? पाय मोडून पडलीये बिचारी. रोनाल्ड तिथून चालत येत होता. गाडी त्यानं ओळखली."

"कुणाची?"

"नाव सांगितलं नाही मला. म्हणाला, त्याला आजचा दिवस दिलाय. माणसानं स्वतःहून कबूल व्हावं. नाही झाला तर उद्या मी चौकीत जाणार."

संघमित्रांनी ताईंकडे पाहिलं. ओळखीच्यातलाच कुणीतरी होता, आणि त्याच्याकडे उद्यापर्यंतच वेळ होता.

ताई वाकून चष्मा पाहत होत्या. काचेवर काळा फराटा होता.

"काजळी असेल," संघमित्रा म्हणाल्या.

ताईंनी वास घेतला.

"बुक्का आहे हा. जेनी, तू हात लावलास?"

"छे. विहिरीवर तोंड धुतल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. त्याला सोसत नाही, तुला ठाऊक आहे."

"म्हणजे जो आला तो कीर्तनातून आला. मध्यंतरानंतर."

"मध्यंतरानंतरच कशावरून?"

"पूर्वरंग संपला की मला हार घालतात, सगळ्यांना बुक्का लावतात. मग उत्तररंग. त्याआधी कुणाच्या बोटाला बुक्का लागायचं कारण नाही."

अंगणाला लागून दोन गाड्या उभ्या होत्या. एक रोनाल्डचा पुतण्या एल्टन याची. दुसरी माडीवरच्या भाडेकरूची, धवलची. त्याचा गुरांच्या चाऱ्याचा धंदा होता, आरेत गोदाम होतं. दोघेही समोरच उभे होते. एल्टनच्या कपाळावर बुक्क्याचा ठिपका. धवलच्या हातात शिऱ्याचा द्रोण, चेहरा नुकताच धुतलेला.

"कुठे होतात?" संघमित्रांनी विचारलं.

"कीर्तनाला," धवल म्हणाला. "पहिल्यापासून. हा बघा प्रसाद."

"मी पण," एल्टन म्हणाला. "झोपलो होतो थोडा. सॉरी ताई."

"कुणी पाहिलं?"

एल्टननं खांदे उडवले. कीर्तनात दिवे मंद, सगळ्यांचे डोळे ताईंकडे. कोण कुणाला बघतो?

"मी विचारू का एक?" ताई म्हणाल्या. आवाज त्यांनी खाली ठेवला. "धवल, कसं झालं रे कीर्तन?"

"झकास, ताई. तुम्ही त्या इंग्रजांची मस्त जिरवलीत. आपण निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. आणि त्यांचं गुडबाय म्हणजे नुसतं चांगलं जा. त्यांच्या निरोपात देवच नाही. एकदम पटलं मला."

"शब्दन्‌शब्द लक्षात आहे की तुझ्या."

"म्हणजे काय. मन लावून ऐकलं."

"एल्टन, तुला काय आठवतं?"

"बुक्का लावला तेव्हा जाग आली, त्याच्यापुढचंच आठवतं. ते गॉड बी विथ यू. देव तुझ्यासोबत असो. चारशे वर्षांपूर्वी घाईघाईत बोलून झिजलं, आणि गुड मॉर्निंग, गुड नाईटच्या संगतीनं गॉडचं गुड झालं. तुम्ही म्हणालात, स्पेलिंगमध्ये एक ओ जास्तीचा आला आणि देव त्याच्यामागे झाकला गेला. गल्लीतली मॉनिका आंटी माझ्या बाजूला रडत होती यार."

धवलच्या हातातला द्रोण कलंडला.

"मॅडम, हाच तो," ताई म्हणाल्या.

"येडेपणा आहे," धवल म्हणाला. "मागे आवाज येत नव्हता."

"पूर्वरंगातला तर सगळा आला." ताई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "आमची एक रीत असते, धवल. खोडायचा असतो तो पक्ष आम्ही आधी मांडतो, आणि असा ठासून मांडतो की श्रोत्याला तोच खरा वाटावा. त्यांच्या निरोपात देव नाही, हे मी पूर्वरंगात म्हटलं. उत्तररंग सगळा ते खोडण्यातच गेला. शेवटपर्यंत बसलेला एकही माणूस तू म्हणालास ते म्हणणार नाही. बुक्का लागेपर्यंत तू होतास. नंतर उठलास. कपाळ पुसलंस, त्याच हातानं रोनाल्डचं तोंड दाबलंस. चष्मा पडला. प्रसादाला परत आलास, लोकांनी बघावं म्हणून."

"अर्धं कीर्तन ऐकलं म्हणून आत टाकणार मला?"

"तेवढ्यावर नाही," संघमित्रा म्हणाल्या. "गाडी उघडा."

तो हलला नाही. शिपायानं त्याच्या खिशातून किल्ली काढली. मागच्या सीटखाली, चाऱ्याच्या काड्यांत, दुसरी चप्पल होती.

जेनेव्हिव्हनं तोंडावर हात घेतला.

"कुठे आहे तो?" ताईंनी पंप धवलसमोर धरला. "हा नाही त्याच्याजवळ. बोल."

धवल मटकन खाली बसला. "मारायचं नव्हतं मला. समजावणार होतो फक्त. गोदामात आहे. बाहेरून कडी लावलीये."

चाऱ्याचं गोदाम. सगळा धुरळा. एल्टननं जेनेव्हिव्हला हात धरून जीपकडे नेलं. संघमित्रा फोनवर आरेच्या चौकीला ओरडून पत्ता सांगत होत्या. ताई पंप मुठीत घेऊन जीपमध्ये बसल्या. झाडांमधून जाणारा तो काळा रस्ता संपेचना. ताईंच्या ओठांवर नाम होतं. शेजारी जेनेव्हिव्ह माळेचा मणी मणी सरकवत होती.

गोदामाची कडी आरेच्या पोलिसांनी आधीच काढलेली होती. रोनाल्ड दाराच्या फटीला नाक लावून पडलेला सापडला होता. ओठ निळे. छाती हलत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमध्ये त्यानं ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"मृणाल, दारातून तुझा आवाज यायचा मला, स्पीकरवरून. देव नाही म्हणालीस, मग मध्यंतर झालं, आणि पुढचं ऐकू येण्याआधीच त्यानं तोंड दाबलं. रात्रभर तेच डोक्यात. खरंच नाही का गं?"

ताई स्टुलावर बसल्या होत्या. कीर्तन बसून करत नाहीत. त्या उठल्या, पदर खोचला, आणि वॉर्डातल्या कुणाची झोपमोड होणार नाही इतक्या हळू आवाजात उत्तररंगाला सुरुवात केली.