पाच दहाची गाडी

सोळा किलोमीटर चालायचं, एक डोंगर ओलांडायचा आणि संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तळ्याच्या थांब्यावरून सुटणारी शेवटची बस पकडायची. मोहीम एवढीच होती. ती फसली तर माझी बस पहिल्या तारखेपासून बंद होणार होती आणि तळ्याकाठच्या कुरणावर चारशे मोटारींचा वाहनतळ होणार होता.

अठ्ठावीस वर्षं मी या राष्ट्रीय उद्यानात बस चालवतोय. पूर्वी गाडी भरून जायची. हल्ली संध्याकाळच्या फेरीला मी आणि माशा. लोक आपापल्या मोटारी घेऊन येतात, रविवारी रांग तळ्यापासून पार फाटकापर्यंत लागते, आणि गेल्या मोसमात नऊ हरणं चाकाखाली गेली. बस का रिकामी जाते, हे मला कधी कळलं नाही. उद्यानाच्या मोठ्या मॅडमना मी इतके अर्ज दिले, की शेवटी त्या वैतागल्या.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या, "सकाळी दहाला वरच्या थांब्यावर उतरलेला माणूस डोंगर उतरून पाच दहाला खालची बस गाठू शकतो, हे दाखवा. मग बस राहील आणि मोटारी फाटकाबाहेर राहतील. पण पहिलवान नकोत मला. साठीच्या पुढचं माणूस बरोबर हवं. वाटेच्या फलकावर वेळ लागेल ती त्याच्या पायांची."

साठीच्या पुढचं माणूस म्हणजे माझी थोरली बहीण. वय चौसष्ट, डावा गुडघा कामातून गेलेला, तोंड मात्र शाबूत. साक्षीदार म्हणून एक वनरक्षक दिला होता. त्याला काहीही विचारलं तरी तो "बहुतेक" म्हणतो, म्हणून त्याचं नावच बहुतेक पडलं. त्याच्याकडे घड्याळ, वही आणि दोर.

दहाला आम्ही निघालो. पहिले दोन तास बरे गेले. वाट दाट झाडीतून चढत होती, पायाखाली वर्षानुवर्षांचा पाला कुजून मऊ झाला होता, आणि वरून कुठूनतरी एक सुतारपक्षी आमच्याकडे लक्ष न देता ठोकाठोकी करत होता. ताई दर दहा मिनिटांनी थांबायची, गुडघा चोळायची आणि म्हणायची, "चला, मेले नाही अजून."

"पुढे ओढ्यावर पूल आहे ना?" मी विचारलं.

"बहुतेक," बहुतेक म्हणाला.

पूल नव्हता! दोन खांब उभे होते आणि मधल्या फळ्या पुरात गेल्या होत्या. बुटांच्या नाड्या गळ्यात अडकवून आम्ही कमरेएवढ्या थंडगार पाण्यातून पलीकडे गेलो. त्यात पाऊण तास गेला. ताईचे दात वाजत होते, तरी ती ओरडत होती, "अरे, माझा डबा वर धर, डबा!"

खिंडीत पोचलो तेव्हा दीड वाजला होता. मला आधीच थकवा आला होता. मी आयुष्यभर बसून काम केलेला माणूस. पाय माझे होते, पण त्यांची-माझी फारशी ओळख नव्हती.

खिंडीपलीकडे डोंगराची कड ढासळून सुट्या दगडांचा उतार झाला होता. पन्नास पावलं, पण खाली सरळ दरी. बहुतेकने दोर पलीकडच्या झाडाला बांधला. मी मध्ये उभा राहिलो. ताई निघाली.

दहा पावलं. वीस. एक दगड हलला. मग दहा हलले. ताई घसरली!

"दोर सोडू नकोस!" मी ओरडलो. तिने सोडला नाही. दगड गडगडत दरीत गेले, धूळ उडाली, आणि ताई एका हाताने दोराला लटकलेली. मी पोटावर पडलो, तिचं मनगट धरलं. खांद्यातून कळ गेली. बहुतेकने मागून माझा पट्टा धरला. ओढा! अजून ओढा! आली!

तिघंही झाडाखाली आडवे झालो.  तिचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. मला रडू आलं. इतकी थकलेली, ठेचकाळलेली माझी बहीण, आणि हे सगळं माझ्या एका बससाठी.

"परत जाऊ," मी म्हणालो.

"त्याच दगडांवरून?" ताई म्हणाली. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ऊठ."

त्यानंतरचे तीन तास मला नीट आठवत नाहीत. उतार, काठी, उतार. ताईचा एक हात माझ्या खांद्यावर. पावणेपाचला आम्ही जंगलातल्या कच्च्या रस्त्याला लागलो. अजून चार किलोमीटर होते. आणि मागून उद्यानाची दुरुस्तीची जीप आली!

"काय हाल झालेत तुमचे!" जीपवाला म्हणाला. "चढा. दहा मिनिटांत थांब्यावर सोडतो."

मी बहुतेककडे पाहिलं. तो एका झाडाच्या सालीकडे फार बारकाईने बघत होता. वही त्याने खिशात घातली होती. म्हणजे आम्ही गेलो असतो तर त्याने काही पाहिलं नसतं.

"चल ताई," मी म्हणालो. "बस वाचेल. कुणाला कळणार आहे?"

ताईने जीपच्या दाराला हात लावला. वाटलं, चढली. पण ती फक्त टेकली होती.

"फलकावर वेळ माझ्या पायांची लागणार ना?" ती म्हणाली. "उद्या तो फलक वाचून माझ्यासारखी एखादी निघेल. तिला इथे जीप भेटेल का रे?"

मला राग आला. खरंच आला. जीप धूळ उडवत गेली. पाच दहाला झाडांमधून माझ्याच गाडीचा हॉर्न ऐकू आला. बदली ड्रायव्हरने एक मिनिटही उशीर केला नव्हता. मीच शिकवलं होतं त्याला.

सहा पन्नासला थांबा आला. आठ तास पन्नास मिनिटं. बहुतेकने वहीत आकडा लिहिला आणि मान खाली घातली. मी आत शिरून बाकावर कोसळलो.

अठ्ठावीस वर्षांत मी त्या थांब्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. मी माझ्या सीटवर असायचो. त्यामुळे भिंत आज पहिल्यांदाच पाहिली. ती लिहून भरली होती. पेन्सिलीने, कोळशाने, खिळ्याने.

'पाच सोळा. गाडी गेली.'

'सहा वाजले. आई दमली आहे.'

'पाच चाळीस. आरडाओरडा केला, थांबला नाही.'

'सव्वासहा. पुढच्या वेळी मोटार आणू.'

खालपासून वरपर्यंत, वर्षानुवर्षांच्या तारखा. एकाही ओळीत शिवी नव्हती. ती असती तर बरं झालं असतं.

"किती लोक आलेत इथे चालत!" ताई म्हणाली. "आणि तू म्हणतोस, प्रवासी नाहीत."

 आता लपवण्याचीही ताकद उरली नव्हती.

"शेवटची गाडी आधी सातची होती," मी म्हणालो. "घरी पोचायला नऊ वाजायचे. जेवण गार व्हायचं, पोरं झोपलेली असायची. तेव्हाच्या साहेबांच्या मागे लागून पाच दहाची वेळ मीच करून घेतली. अठरा वर्षं झाली."

 ताई माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. बाहेर तळ्याकाठी हरणं पाण्यावर आली होती.

"लिहा," मी बहुतेकला म्हणालो. "वेळ आठ तास पन्नास मिनिटं. खरी तीच राहू द्या. आणि खाली लिहा की वाट बरोबर आहे, गाडीची वेळ चुकीची आहे. शेवटची फेरी सातला सोडावी, अशी ड्रायव्हरची विनंती. मी सही करतो."

"मॅडम ऐकतील का?" ताईने विचारलं.

"या भिंतीचे फोटो जोडतो," बहुतेक म्हणाला. "ऐकतील."

मी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

"आणि मग तू रोज जेवशील कधी?" ताई म्हणाली.

"नऊला."

"गार?"

"गार," मी म्हणालो आणि तिला उठवायला हात पुढे केला. रात्रीच्या मुक्कामाची वस्ती अजून दोन किलोमीटर लांब होती.