ढेपेवर बसलेला माणूस

तो माझ्या पेंडीवर बसला होता!

डेअरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी सकाळीच तिळाच्या पेंडीच्या ढेपा रचून ठेवल्या होत्या. आमच्या तेलगिरणीतून नुकत्याच निघालेल्या, अजून कोमट. आणि त्यांच्यावर ऐसपैस मांडी घालून एक चष्मेवाला तरुण कागदावर काहीतरी खरडत होता. बाहेर भुरभुर चालू होती. त्याच्या केसांतले थेंब निथळून थेट माझ्या मालावर...

"उठा!"

तो दचकला. "सॉरी... मला वाटलं, बाक आहे."

"गाईम्हशींचं खाणं आहे ते. तुमच्या ताटावर कुणी बसलं तर चालेल?"

"कोण बसतंय, ते बघून सांगेन," तो म्हणाला आणि हसला.

असा संताप आला मला! आणि देवा, तूच साक्षीला होतास, त्या संतापातही मला नेमकं दिसलं की हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते.

पण खरा राग त्या कागदाचा होता. देशभर जनावरांना कुठली पेंड घालतात, शेंगदाण्याची, सरकीची, तिळाची की जवसाची, याची पाहणी करणाऱ्यांपैकी तो एक. आमच्या भागाचा निकाल त्याने लावूनही टाकला होता.

"सगळीकडे हेच दिसतंय," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "पेंड थेट गोठ्यात जाणं कमी होतंय. ती कारखान्यात जाते, तिथून गोळीखाद्याच्या पोत्यात. इथंही तेच."

त्या कागदाची वाट डेअरीचे अध्यक्ष बघत होते. शुक्रवारच्या बैठकीत पेंडविक्रीची खिडकी बंद करून फक्त पोती ठेवायची, असं घाटत होतं. नुसत्या तेलावर आमची गिरणी चालत नाही. तिला जगवते ती पेंड. बाबा तर आठवडाभर जेवताना मान वर करत नव्हते.

"विचारलंत कुणाला?"

"घरोघरी. दारात जे भेटले त्यांना."

"म्हणजे पुरुषांना! गोठ्यात कोण असतं?"

तो बोलायला गेला... थांबला. "बायका."

"त्यांना विचारलंत?"

त्याने कागद उलटसुलट करून बघितला.

"अर्धा देश विचारायचा राहिला तुमचा! आणि तोही जनावरांना खायला घालणारा!"

मला वाटलं, आता हा फणकारणार. पण त्याने कागदाची घडी केली. "मग उद्या पहाटे गोठे दाखवा."

"मी का येऊ?"

"नाहीतर मी पुन्हा कशावर तरी बसेन."

गेले मी. रागानेच गेले! पहिल्या गोठ्यात काकूंनी भिजलेली पेंड बादलीतून काढून दाखवली. दुसऱ्या गोठ्यात तेच. "आमचे हे दारात पोत्याचं नाव सांगतात होय? चारचौघांत शोभतं ना ते!" तिथल्या मावशी खदखदून हसल्या. तो मुकाट्याने टिपून घेत होता. एका गाईने त्याची पँट चाटायला सुरुवात केली तेव्हा मला राहवेना.

"कळलं तिला. ताटावर कोण बसलं होतं ते."

"गाई माफ करतात," तो पँट सोडवत म्हणाला. "माणसांचं माहीत नाही..." आणि असं काही बघितलं माझ्याकडे, की माझा पाय चिखलात घसरला. त्याने हात पुढे केला. मी धरला नाही. म्हणजे... लगेच धरला नाही.

"आता आमचा गोठा बघा," मी तोऱ्यात म्हटलं.

आई पाठमोरी होती. गव्हाणीत काहीतरी खडखडत पडत होतं. गोळ्या! कारखान्याच्या गोळ्या!

"आई! हे काय गं?"

"ओरडू नकोस, तांबडी बिचकते." आईने पोतं खाली ठेवलं, आणि मग तीच ओरडली. "दगडासारखी ढेप हातोडीने फोडा, रात्री भिजत घाला, पहाटे कालवा, आंबली की फेका, पुन्हा फोडा! हे मनगट बघ माझं. तुझे बाबा गिरणी बघतात, तू विक्री बघतेस. मला कुणी विचारलं कधी?"

तिचं मनगट सुजलं होतं. त्याच हाताने ती मला रोज वाढत होती, आणि मी जगाला गोठे दाखवत फिरत होते.

तो हसेल म्हणून मी दात आवळून उभी राहिले. त्याने कोपऱ्यातली हातोडी उचलली आणि एक ढेप फोडायला घेतली. फोडता फोडता घामाघूम झाला. "काकू, हे रोज?"

"रोज."

"लिहा ना!" मी त्याच्यावर तडकले. "गिरणीवालीच्याच घरी पेंड बंद. लिहा!"

"लिहिणार. खोटं कसं लिहू?" त्याचाही आवाज चढला. "पण पेंड नको झाली, असं नाही लिहिणार. फोडवत नाही, असं लिहीन. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही मला आजच कळल्या!"

त्या दिवशी घरात भांड्याला भांडं लागलं. मी म्हटलं, पेंड भरडून विकू. बाबा उसळले. "भरडलेल्या पेंडीत लोक भुसा मिसळतात. अख्खी ढेप बघून गिऱ्हाईक विश्वासाने घेतं. तीन पिढ्यांचं नाव आहे!"

"मग गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर भरडू!"

बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली. बघितलं मात्र आईच्या मनगटाकडे.

शुक्रवारी गिरणीतलं भरडायचं जुनं यंत्र आम्ही डेअरीच्या अंगणात मांडलं. पाहणीवाल्याने आपला कागद वाचला, दोन्ही गोष्टींसकट. दारातले पुरुष बैठकीला होतेच. या वेळी गोठ्यातल्या बायकाही आल्या, आणि बोलली ती आई. अध्यक्षांनी घसा खाकरला. "पुढच्या हंगामापर्यंत खिडकी चालू ठेवू. मग बघू." बघू तर बघू! तेवढ्यावर गिरणीचा पट्टा फिरत राहिला.

आणि दुसऱ्या दिवशी तो निघाला. खांद्याला बॅग, पुढच्या गावची पाहणी.

"झालं?" भरडलेली पेंड मापून देता देता मी विचारलं. खिडकीपुढे बायकांची रांग होती. "मोजलंत, निघालात?"

"एक प्रश्न राहिलाय." तो ढेपांजवळ आला. तिथे मी एक स्टूल ठेवलं होतं. त्याच्यासाठी नव्हे हं, ढेपांच्या रक्षणासाठी! "दारात विचारायचा नाही, हे शिकलोय. जिचा प्रश्न, तिलाच..."

"मला तुमचा फार राग येतो," मी घाईघाईने म्हटलं.

"माहीत आहे. आयुष्यभर सोसेन म्हणतो... चालेल?"

भुरभुर थांबली होती. त्याच्या चष्म्यावर पेंडीची पूड बसली होती आणि ती पुसायला माझा हात आपोआप वर गेला होता. माझ्या आईला कुणी कधी विचारलं नव्हतं. मला विचारलं जात होतं.

"चालेल!" मी ओरडले. हो, ओरडलेच! रांगेतल्या बायका हसायला लागल्या आणि आत तांबडीसाठी पेंड भरून घेणारी आई म्हणाली, "अगं, हळू. पळून नाही जात तो."