रंगवलेलं दार

व्हर्ना हाल्वर्सन रंगीत तालमीला निघाली तेव्हा तिच्या पिशवीत लोकरीचा स्वेटर होता, पेपरमिंटच्या गोळ्या होत्या आणि मनात एकच धास्ती. डुलूथच्या या थिएटरात, याच नाटकात, तिनं तरुणपणी मुलीची भूमिका केली होती. आता आईची करायची होती. कारखान्यातली नोकरी सुटलेला बाप, खोटं बोलणारी मुलं आणि सगळं कळत असूनही कॉफी ओतत राहणारी आई. अमेरिकेतल्या घराघराला आपलंच वाटणारं जुनं नाटक.

धास्ती वाक्यं विसरण्याची होती. तरुण नट विसरला की लोक म्हणतात, त्याच्या डोक्याला व्याप फार. म्हातारी विसरली की संपली.

दिग्दर्शक ग्रेडी म्हणाला, "आज अडलात तर 'ओळ' म्हणा. मर्ल वहीत बघून पुढचं वाक्य सांगेल. उद्यापासून कुणी सांगणार नाही."

"आणि उद्या अडले तर?"

"आज नीट झालं नाही तर उद्या तुमच्या जागी डोरीन उभी राहील."

डोरीन तिसऱ्या रांगेत बसून व्हर्नाचीच वाक्यं ओठांत घोळवत होती. मन लावून.

"आणि त्या दाराला टेकू नका," ग्रेडी म्हणाला. "रंग ओला आहे."

जुन्या प्रयोगात स्वयंपाकघराचं दार खरं होतं, उघडायचं. ग्रेडीनं ते थिएटरच्या मागच्या विटांच्या भिंतीवरच रंगवून घेतलं होतं. पितळी मूठसुद्धा रंगाचीच.

दुसऱ्या अंकात व्हर्ना अडली. हातात किटली, समोर थोरला मुलगा, आणि डोकं नुसतं कोरं.

"ओळ," ती म्हणाली.

डावीकडून, दाराआडून, घाईघाईनं कुजबुज आली. "बस, आधी खाऊन घे… मग खोटं बोल."

मुलीचा आवाज. ओल्या लोकरीचा वास, आणि पेपरमिंटचा. व्हर्ना ते वाक्य बोलली. पुढे परत अडली, परत आवाज आला. भीती वाटायला हवी होती, पण तिला नुसतं वळून बघावंसं वाटत होतं. आईला त्या प्रवेशात वळायचं नसतं, म्हणून ती वळली नाही.

पडदा पडला. ग्रेडी म्हणाला, "डोरीन, घरी जा. आई हीच."

मर्ल वही मिटत वर आली. "अगं, ओळ मागतेस आणि मी तोंड उघडायच्या आत बोलून मोकळी होतेस. माझी थट्टा चाललीय का?"

"दाराआडून कोण सांगत होतं?"

"दाराआड वीट आहे, व्हर्ना."

व्हर्नानं दाराकडे बघितलं. जुन्या प्रयोगात आईच्या भूमिकेत ईडिथ रास्क होती, थकलेली, विसरभोळी. आणि दाराआड तिसऱ्या अंकातल्या आपल्या प्रवेशाची वाट बघत उभी असलेली मुलगी, ओला लोकरीचा कोट, तोंडात पेपरमिंट, तिला वाक्यं पुरवायची. ती मुलगी व्हर्नाच.

मग तिला हिमवादळातला एक प्रयोग आठवला. रस्ते बंद झाले होते, व्हर्ना दुसरा अंक संपल्यावर पोचली होती. ईडिथनं तिचा गाल कुरवाळला होता. "आज दाराआडून किती छान सांभाळलंस ग मला. सर्दी झालीय का? आवाज अगदी म्हातारा वाटला."

सगळे हसले होते तेव्हा. व्हर्नाही.

मर्ल दिवे मालवायला गेली. व्हर्ना दाराजवळ सरकली, रंगाला न लागता कान नेला. आत वीट होती. विटेच्या आत कपबशी किणकिणली. कुणीतरी श्वास रोखला, आणि अगदी हळू, ईडिथसारख्या थकलेल्या आवाजात, लाजल्यासारखं म्हणालं,

"ओळ…"

व्हर्नानं ओठ दाराजवळ नेले.

"बस," ती कुजबुजली, "आधी खाऊन घे… मग खोटं बोल."

दुसऱ्या दिवशी रंगारी चिडला. दाराची पितळी मूठ पार घासून गेली होती, वर्षानुवर्षं हात लागून जाते तशी. रंग कुणाच्या हाताला लागलाय म्हणून त्यानं सगळ्यांचे हात बघितले. व्हर्नानं आपले दोन्ही तळवे पुढे केले.

स्वच्छ होते.