पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा

नवं राज्य झालं तेव्हा भोपाळहून रायपूरला आधी फायली आल्या, मग कपाटं, आणि सगळ्यांत शेवटी माझ्यासारखी माणसं. संगणक तेवढे वेळेवर आले. ते कुणालाच येत नव्हते, मी बी.एस्सी. झालेला, म्हणून साहेबांनी सगळ्यांना संगणकाचे शब्द समजावायचं काम माझ्या गळ्यात मारलं.

मी सांगायचो, "बटण दाबलं की विंडोज लगेच उठत नाही. आधी बायोस उठतो. चपराशी कसा साहेबांच्या आधी येतो, दिवे लावतो, खुर्च्या जागेवर आहेत का बघतो, तसा. सगळं ठीक असलं तरच तो साहेबांना आत घेतो. साहेब म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम." हे सगळ्यांना पटायचं. साहेब सोडून.

मनापासून शिकले ते एकटे भास्करराव. इतके, की घरच्या संगणकाला त्यांनी थेट बायोसमध्येच पासवर्ड घातला. सरकारी कपाटाला कुलूप लावून किल्ली घरी नेतात, त्या सवयीनं. तो कुणाला सांगितला नाही, आणि दिवाळीनंतर हृदयविकारानं गेले.

एका रविवारी दुपारी त्यांच्या पत्नी वीणावहिनींनी मला बूढापाऱ्यातल्या त्यांच्या घरी बोलावलं. मी लगेच गेलो. बायको-मुलं भोपाळलाच राहिली होती. पत्रंसुद्धा थांबली होती. रविवारी मी शर्टांना इस्त्री करायचो, मग पुन्हा करायचो.

घरात बांधाबांध झाली होती. टेबलावर फक्त संगणक.

"मले त्यातलं काही नको, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "आवाज पाहिजे फक्त. माइक लावून गात बसायचे. गळा काही खास नव्हता, पण घरात दुसरं काही नाही त्यांच्या आवाजाचं."

"घाई काय आहे?"

"पोट्टी उद्या भिलाईले नेऊन राहिली मले. म्हणते, मम्मी, बेच दो ना इसको. माइक तर देऊनही टाकला तिनं कोणाले."

मी समजावलं. आत बटणासारखा एक गोल सेल असतो. बायोसची आठवण त्याच्यावर चालते. तो काढला की बायोस पासवर्ड विसरतो, तारीख विसरतो. गाणं डिस्कवर असतं, त्याला धक्का लागत नाही.

"म्हणजे फक्त चपराशीच विसरते?" वहिनींनी विचारलं. भास्करराव घरी शिकवणी घेत असावेत.

सगळ्या वायरी काढून मी डबा उघडला. आतली धूळ मऊ होती, तालमीतल्या मातीसारखी दाटलेली. सेल काढून वर्तमानपत्रावर ठेवला. वहिनींनी केलेला चहा प्यालो. मग वीज, पडदा आणि माउस एवढंच जोडलं आणि बटण दाबलं.

पंखा घरघरला. पडद्यावर एखादी जुनाट तारीख दिसायला हवी होती. आजची दिसली.

मग खाली ओळ आली: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. माझ्या वर्गात हा हुकमी विनोद होता. कीबोर्ड नाही, सबब कीबोर्डवरचं बटण दाबावं. अशी वाक्यं आमच्याच खात्यातून जात असावीत असं मी म्हणायचो. कीबोर्ड भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याची वायर घ्यायला मी वाकलो.

पडदा पुढे गेला.

"तुम्ही दाबलं?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

पासवर्डची चौकट आली. तीही यायला नको होती. वायर माझ्या हातातच होती.

चौकटीत एक फुली उमटली. बऱ्याच वेळानं दुसरी. मग तिसरी.

"एका बोटानं करायचे," वहिनी हळूच म्हणाल्या.

विंडोज उघडलं. आवाज नाही, कारण स्पीकर जोडलेच नव्हते. मी माउसनं गाण्यांची फाइल शोधली, उघडली. काळ्या चौकटीत आवाजाबरोबर हलणारी हिरवी रेघ, अजून सरळ.

"स्पीकर लावतो."

"थांबा." वहिनींनी हात वर केला. "बोलून राहिले."

रेघ हलत होती. मला फक्त पंखा ऐकू येत होता.

"हव," वहिनी पडद्याला म्हणाल्या. "जेवली. भातच केला होता." थोडं थांबून हसल्या. "काहून? एकटीसाठी काय कराचं मग?"

मी खाली जमिनीवरच बसलो. कितीतरी दिवसांत कुणी कुणाला जेवलीस का विचारताना मी ऐकलं नव्हतं. आताही ऐकलं नव्हतंच.

वहिनी माझ्याकडे वळल्या.

"हे विचारून राहिले, भाऊंच्या घरी कोणी वाट पाहत नाही काय म्हणून."

"नाही," मी म्हटलं.

रेघ माझ्या शब्दापुरती थरथरली.

मग कुणी बोललं नसताना पुन्हा थरथरली. या वेळी खूप वेळ.

वहिनींचं हसू मावळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकी लावून घेतली.

भास्करराव काय म्हणाले, हे मात्र वहिनींनी मला सांगितलं नाही.