अर्ध्या बिल्ल्याचा दिवा

"ह्यो बिल्लो जपान ठेव गो लतिका. मोडू नको, कोणाक देव नको. गेट उघडीपर्यंत तेंका खंयतरी थांबाक व्हया मां?"

शेजारच्या काशीबाई काकी मला हे म्हणाल्या, तेव्हा मी हसले होते.

"काकी, पितळेच्या तुकड्यात कसला माणूस थांबतो हो?"

मी बी.ए. झालेली, गिरगावातून लग्न होऊन लालबागच्या चाळीत आलेली. असल्या गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नव्हता. पण पुढे जे लिहिते आहे, ते माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

तारीख २७ नोव्हेंबर १९८२. शनिवार. दुपारचे साडेतीन.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

बिल्ला काकींच्या नवऱ्याचा, गुणाजींचा. ते आणि माझे यजमान आनंदा एकाच गिरणीत. गुणाजी साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, हे वायरमन. गेटवर बिल्ला दाखवल्याशिवाय कुणाला आत सोडत नसत. आमच्या चाळीत गिरणीतला माणूस गेला की त्याचा बिल्ला घरचे गेटवर जमा करत. मगच तो सुटला, असं मानत.

गुणाजी गिरण्यांच्या संपातच गेले. छातीत कापूस साठलेला. खोकून खोकून गेले.

गेट बंद. बिल्ला घेणार कोण?

शेवटच्या दिवशी त्यांनी तो ह्यांच्या हातात ठेवला. "आनंदा, संप मिटलो की जमा कर. इसरू नको."

तो आमच्या ट्रंकेत पडून होता. पितळी, गोल, वर नंबर ४१७२.

संपात हे घरी बसून दिवे बनवायला लागले होते. डोंगरात जाणाऱ्या दादरच्या पोरांना तंबूत टांगायला दिवा हवा असायचा. दूध पावडरचा रिकामा डबा, टॉर्चचा बल्ब, चार सेल, वर सायकलच्या स्पोकची कडी. सहा व्होल्ट. ओल्या हाताने धरला तरी झटका नाही. सेलखाली मात्र पितळेचीच पट्टी लागते. लोखंडाची गंजते आणि ऐन डोंगरात दिवा मिणमिणतो.

शुक्रवारी संध्याकाळी जयवंत दिवा न्यायला आला. हिंदमाताजवळ राहणारा, विशीतला, जाड चष्मा. सकाळी त्यांना निघायचं होतं.

"अहो आनंदादादा, दिव्याशिवाय गेलो तर पोरं मलाच पेटवून टांगतील!"

आणि पितळ संपलेलं.

मीच ट्रंक उघडली.

मीच.

हे दचकले. "अगं, गुणाजीचा आहे तो."

"मेलेल्या माणसाला काय करायचाय हो बिल्ला? गेट उघडलं की दुसरा करून द्या."

ह्यांनी पत्र्याच्या कात्रीने बिल्ला मधोमध कापला. दोन पट्ट्या, दोन दिवे. '७२'चा अर्धा जयवंतच्या दिव्यात गेला. '४१'चा अर्धा आमच्याकडच्या दिव्यात बसला. तो फळीवर राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे सभेला गेले. माझी बकुळा तेव्हा चौदा महिन्यांची. ती झोपावी म्हणून मी दार लोटून कडी घातली. आमच्या खोलीला खिडकी नाही. दार लावलं की दिवसाही अंधार.

साडेतीन म्हणजे दुसऱ्या पाळीची वेळ. संपाआधी या वेळी भोंगा व्हायचा. दहा महिने तो वाजला नव्हता.

आधी नळाचा आवाज थांबला...

मग रमाबाईंचा रेडिओ...

मग गॅलरीतली पोरं.

आमची चाळ कधीच गप्प नसते. मयताच्या दिवशीसुद्धा नसते.

आणि मग... भोंगा झाला.

लांबून नाही. दाराबाहेरून.

फळीवरचा दिवा पेटला.

म्हणाल, बटण चालू राहिलं असेल. पण सेल मीच सकाळी काढून डब्यात ठेवले होते. बकुळा सगळं तोंडात घालते म्हणून. डबा बंद होता. दिवा रिकामा होता. तरी जळत होता.

मी बकुळाला उचललं आणि कडी काढली.

दार उघडेना.

बाहेरून कुणी कडी घातल्यासारखं नाही. आपण गर्दीत दाराशी उभे असतो आणि पलीकडून माणसं रेलतात ना, तसं. पण आमचं दार आत उघडतं. बाहेरून कुणी रेललं तर ते उघडायलाच हवं.

मी ओढत होते. पलीकडून कुणीतरी ढकलत होतं. दोघांनाही दार उघडायचं होतं.

ते उघडत नव्हतं.

तेलाचा वास आला. साच्याच्या तेलाचा.

मग खोकला... तो खोकला मी भिंतीपलीकडून वर्षभर ऐकला होता.

"वैनी... गेट उघडा."

मी ओरडले. काकींना, रमाबाईंना, सगळ्यांना हाका मारल्या. माझा आवाज खोलीतच राहत होता.

"एक्केचाळीस..." बाहेरून आवाज आला. आणि थांबला.

पुन्हा. "एक्केचाळीस..."

पुढचं त्यांना सांगता येत नव्हतं. पुढचं आम्ही कापून दिलं होतं.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर बकुळा खोकली.

लहान मुलासारखं नाही. गुणाजींसारखं.

दिव्याच्या उजेडात तिचं तोंड बघितलं. ओठांवर पांढरं तूस. कापसाचं. मी बोटाने काढलं. आणखी आलं. पुन्हा काढलं, पुन्हा आलं. तिचा श्वास आत जाईना. ओठ निळे पडायला लागले.

"एक्केचाळीस..."

"बहात्तर!" मी किंचाळले. "एक्केचाळीस बहात्तर! गुणाजी भावोजी, हजर आहात तुम्ही! हजर!"

दिवा विझला.

दार इतक्या सहज उघडलं की मी मागे पडले.

बाहेर ऊन. नळ चालू. पोरं खेळत होती. रमाबाई म्हणाल्या, "काय गं, एवढी घामाघूम? ओरडलीस? छे, आम्ही इथंच तर बसलोय!"

बकुळा रडत होती. तेवढं छान रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

काशीबाई काकींनी दिवा बघितला, पट्टी बघितली. मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अर्धो खंय आसा?"

मी जयवंतकडे गेले, पुढच्याच आठवड्यात. दार त्याच्या आईने उघडलं. तो डोंगरातून परत आला होता, आतल्या खोलीत झोपला होता.

"बरं नाही गं त्याला. डोंगरातली हवा बाधली, खोकतोय. आणि त्या खोलीचं दार मेलं रोज दुपारी अडकतं. सुतार बोलावलाय."

मी सगळं सांगितलं. दिवा परत मागितला.

त्या हसल्या. अगदी माझ्यासारख्या.

"शिकलेली दिसतेस, आणि असलं मानतेस?"

आतून खोकल्याचा आवाज येत होता. मी दाराशी गेले असते... पण तीन वाजत आले होते. मला बकुळाकडे पोचायचं होतं.

महिन्याने पुन्हा गेले तर बिऱ्हाड हललेलं. कुठे, कुणालाच ठाऊक नाही.

याला आता दीड वर्ष होऊन गेलं. गिरणीचं गेट बंदच आहे. आमचं दार उघडं राहावं म्हणून मी त्याला दिवसभर पाटा लावून ठेवते, तरी साडेतीनला बकुळा एकदा खोकते. आणि मी "बहात्तर, हजर" म्हणते. रोज. या गणपतीत मी गावी गेले नाही. माहेरीही दुपारी थांबत नाही. एकदा बस चुकली होती, पाच मिनिटं उशीर झाला. त्या पाच मिनिटांबद्दल मी लिहू शकत नाही.

माझ्याकडे ही वेळ आली की पुढचं म्हणायला मी असते. जयवंतच्या दाराशी फक्त "बहात्तर" ऐकू येत असणार. त्याच्या आईने माझं बोलणं हसण्यावारी नेलं, म्हणजे 'बहात्तर'च्या आधी काय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसणार.

म्हणून हे लिहिलं.

तुमच्या चाळीत, इमारतीत गेल्या वर्ष-दीड वर्षात कुणी राहायला आलं असेल... जाड चष्म्याचा मुलगा, खोकतो, दुपारी त्याच्या खोलीचं दार अडकतं... तर कृपा करून साडेतीनला त्याच्या दाराशी जा. दार ढकलू नका. मोठ्याने "एक्केचाळीस" म्हणा.

आणि आतून कुणी काही बोलतंय का, तेवढं ऐका.