सोवळ्यातला डबा

१९६७ साल. थायलंडच्या फुकेतमध्ये नवव्या चांद्रमासात आम्ही चिनी वंशाचे लोक नऊ दिवस ‘भाजी खातो’. पांढरे कपडे, मांसमच्छी नाही, लसूणकांदाही नाही. मी, ग्वात, एकोणीस वर्षांची, देवळाच्या स्वयंपाकघरात डबे भरायला बसले होते. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता.

एक उंच तरुण भिजत पुढे आला. मी त्याचा डबा उघडला आणि लगेच बंद केला.

“हा चालायचा नाही.”

“का? चांगला घासलाय की!”

“कोळंबी अजून आतच बसलीय. लसणासकट.”

रांग हसली. तो ओशाळला. “नाक आहे की पोलीस?”

कथिलाच्या खाणीवर काम करणारा हा बूनलेंग. चाळीत एकच चूल, एकच डबा. मला त्याची दया आली... दयाच म्हणायची! आमच्या घरचा जादा डबा मी त्याला दिला. हे डबे वर्षभर पांढऱ्या कापडात बांधून ठेवायचे आणि फक्त या नऊ दिवसांत काढायचे.

तो रोज यायचा.

“आज काय आहे?”

“तोफू. आणि बोलणं कमी.”

व्रतात परपुरुषाचा विचारही मनात आणायचा नाही, असं माझ्या आजीनं, आमानं, बजावलं होतं. म्हणून मी मान वर करत नसे. त्याचे हात मात्र मला पाठ झाले.

शेवटच्या दिवशी तो हळूच म्हणाला, “उद्या पहाटे रानोंगच्या खाणीवर निघतोय. तुला एक विचारायचंय—”

“आज नको. व्रत आहे.”

“उद्या व्रत नाही, पण मीही नाही!”

मी डबा पुसून त्याच्यापुढे सरकवला. “हा न्या. यात लसूण जाता कामा नये. पुढच्या वर्षी मी वास घेणार.”

“आणि आला तर?”

“तर आमानं पाहून ठेवलेला दुकानदार आहेच.”

वर्षभर त्याची काही खबर नव्हती. दुकानदाराची आई दोनदा येऊन गेली. “यंदाचे भाजीचे नऊ दिवस होऊ देत,” एवढंच मी म्हणत राहिले.

पुढच्या वर्षी पहिला दिवस कोरडा गेला, दुसराही. तिसऱ्या दिवशी ते हात समोर आले... डबा धरलेले.

मी झाकण काढून नाक आत घातलं. तेवढ्यात आमानं डबा हिसकावला आणि एकेक कप्पा हुंगला.

“वर्षभर यात जेवला नाहीस?”

“नाही, आमा.”

“मग कशात जेवलास?”

“केळीच्या पानावर. कोळंबी काही सुटली नाही.”

आमा खुदकन हसली. “खरं बोलतोय मेला! ग्वात, भाजी वाढ. व्रत संपेपर्यंत दुसरं काही नको.”

दहाव्या दिवशी सकाळी कोळंबीच्या शेवया खाता खाता त्यानं विचारलं. मी हो म्हटलं तेव्हा दोघांच्याही तोंडाला लसणाचा वास होता.

दुकानदारानं कथू गावची मुलगी केली. आमच्या लग्नात सगळ्यांत जास्त तोच जेवला. आमानं माझ्या दोन्ही मुलींना न्हाऊमाखू घातलं आणि मग ती गेली. बूनलेंग तीन वर्षांपूर्वी गेला. आमच्यात सुतक तीन वर्षांचं आणि सुतकाच्या माणसानं देवळात जायचं नसतं, म्हणून डबा कापडातच राहिला.

यंदा कापड सोडून तो उघडला. आत नुसता कपाटाच्या लाकडाचा वास होता. तरी मी कितीतरी वेळ नाक बाहेर काढलं नाही.